काम झाल्यावरही थांबणारा कॅमेरा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शेवटाकडे एक प्रसंग आहे. न्यायालयाला सुट्टी लागते. न्यायाधीश उठून जातात, वकील आणि कर्मचारी पांगतात, आणि मग खोलीतले दिवे मालवले जातात. कथेच्या दृष्टीने आता इथे सांगण्यासारखं काहीही उरलेलं नाही. तरी कॅमेरा जागचा हलत नाही. पडदा जवळजवळ काळा होतो आणि काही क्षण तसाच राहतो. चित्रपट संपला असं समजून उठू पाहणाऱ्या प्रेक्षकाला पुढे कळतं की अजून न्यायाधीशांची सहल बाकी आहे. संथ चित्रपटांबद्दल बोलताना आपण ‘अगदी खरं वाटतं’ असं सहज म्हणून जातो आणि त्याचं श्रेय कधी साध्या घरांना, कधी नवख्या नटांना, कधी लांबच लांब शॉटना देतो. यांतलं एकही कारण एकट्याने पुरेसं नाही. वास्तवाचा हा प्रत्यय मुख्यतः एका निर्णयातून येतो: प्रसंगातली माहिती देऊन झाल्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो आणि कुठे उभा राहून थांबतो. बाकीच्या सगळ्या युक्त्या, लेन्स असो, कोन असो की शॉटची लांबी, या निर्णयाच्या कामी आल्या तरच वास्तववादी ठरतात. हे मत तपासून बघायला पुण्याइतकं सोयीचं शहर भारतात दुसरं नाही. प्रभात स्टुडिओ, त्याच आवारात पुढे आलेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि लॉ कॉलेज रोडवरच असलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, अशा हाकेच्या अंतरात या प्रश्नाची नव्वद वर्षांची उत्तरं साठलेली आहेत.

आधी रूढ व्याकरण काय आहे ते बघू. नेहमीच्या चित्रपटात शॉट एक काम घेऊन येतो. माणूस दारातून आत आला हे दाखवायचं, पत्र वाचून त्याचा चेहरा बदलला हे दाखवायचं, बंदूक टेबलावर आहे हे दाखवायचं. काम झालं की संकलक कात्री चालवतो. प्रेक्षकाला हे जाणवत नाही, कारण तो स्वतःही पुढच्या कामाची वाट बघत असतो. डेव्हिड बोर्डवेल या अमेरिकी अभ्यासकाने हॉलिवूडच्या चित्रपटांतले शॉट मोजून काढले तेव्हा दिसलं की १९३० ते १९६० या काळात एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा. शतक बदलेपर्यंत ही सरासरी ३ ते ६ सेकंदांवर आली. म्हणजे निरोप सांगून उंबऱ्यावरूनच परत फिरणारा माणूस आणि निरोप सांगून झाल्यावर ओसरीवर टेकणारा माणूस, यांत पडद्यावर आपली गाठ बहुतेक वेळा पहिल्याशीच पडते. दुसरा टेकतो तेव्हा आपण त्याचे पाय, त्याची पिशवी, त्याचा दम बघायला लागतो. अमेरिकी दिग्दर्शक आणि लेखक पॉल श्रेडर यांनी २०१८ साली आपल्या जुन्या पुस्तकाला नवी प्रस्तावना जोडताना संथ चित्रपटांच्या यादीत या उशिरा केलेल्या कटला महत्त्वाचं स्थान दिलं: माणूस दाराबाहेर गेला, दार लागलं, तरी दिग्दर्शक बंद दारावर थांबून राहतो. प्रसंगातून पात्र निघून गेलं की तिथे उरते ती फक्त वेळ, आणि ती वेळ प्रेक्षकाची स्वतःची असते.

कॅमेऱ्याची विलक्षण युक्ती म्हणजे आपोआप वास्तव, या समजाला पहिला छेद प्रभातच देतं. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या या कंपनीने इथे काढलेला पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यात राजगुरूचा एक डोळा टेलिफोटो लेन्सने पडदाभर मोठा केलेला आहे. त्या काळात हे धाडसच होतं, आणि आजही तो डोळा बघताना प्रेक्षक दचकतो. पण त्या शॉटचा हेतू प्रेक्षकाला जखडून ठेवण्याचा आहे. डोळ्याखेरीज दुसरं काही बघायची मुभाच त्यात नाही. याउलट तीन वर्षांनी आलेल्या ‘कुंकू’मध्ये शांतारामांनी एक गोष्ट काढून टाकली. चित्रपटाला पार्श्वसंगीतच दिलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातल्या, त्या रस्त्यातल्या आवाजांतून. माझ्या मते ‘अमृतमंथन’च्या डोळ्यापेक्षा ‘कुंकू’मधली ही माघार पुढच्या वास्तववादाला जास्त जवळची आहे, कारण अमुक ठिकाणी अमुक वाटलं पाहिजे असं सांगणारा एक आवाज तिने बंद केला. या दोहोंच्या मधल्या काळात दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार आहेत, विमान आहे, आणि तरीही लक्षात राहते ती आवली: तिची म्हैस, तिची पोरं, तिचा त्रागा. कॅमेरा तिथे काही विशेष करत नाही. ती कामात असताना तो फक्त समोर असतो.

वास्तवाचा संबंध कॅमेऱ्याच्या तंत्राशी सगळ्यांत ठामपणे जोडला तो आंद्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकाने, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कापाकापी करून दिग्दर्शक आपल्याला एकच अर्थ भरवतो, त्याऐवजी शॉट लांब ठेवला आणि जवळच्या माणसापासून मागच्या खिडकीपर्यंत सगळं स्पष्ट दिसू दिलं, तर काय बघायचं हे प्रेक्षक स्वतः ठरवतो, जसं तो जगात वावरताना ठरवतो. या ‘खोल’ स्पष्टतेमागे साधं प्रकाशशास्त्र आहे. लेन्स जितकी रुंद कोनाची, तिचं छिद्र जितकं लहान आणि प्रकाश जितका जास्त, तितका अंतराचा मोठा पट्टा एकाच वेळी स्पष्ट येतो. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) कॅमेरामन ग्रेग टोलंड याने हेच साधलं. बाझाँचा विचार सुंदर आहे, पण तो पुरता टिकत नाही. टिम स्मिथ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र वापरून एका हॉलिवूड चित्रपटातला असाच लांब, न कापलेला प्रसंग प्रेक्षकांना दाखवला. कट नसतानाही बहुतेकांचे डोळे जवळपास एकाच वेळी एकाच जागी जात होते: बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, हलणाऱ्या हाताकडे. नटांची हालचाल, बोलणं, मानेचं वळणं हे सगळं मिळून कात्रीचंच काम करतं. मग प्रेक्षकाला मोकळीक कधी मिळते? माझ्या मते बोलणारा गप्प झाल्यावर, हात थांबल्यावर, म्हणजे प्रसंगाने आपलं काम संपवल्यावर. लांबी महत्त्वाची आहे, पण ती घटनेच्या पलीकडची लांबी असली पाहिजे.

हा धडा पुण्यात गिरवला गेला तो साठच्या दशकात. प्रभात १९५३ साली बंद पडली, १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली संग्रहालय आलं. ऋत्विक घटक इन्स्टिट्यूटमध्ये थोडाच काळ उपप्राचार्य होते, पण त्या अल्प काळाची छाया मोठी पडली. सतीश बहादूर चित्रपटाचा आस्वाद शिकवत, म्हणजे ‘पथेर पांचाली’सारखा चित्रपट शॉटगणिक उलगडत, पी. के. नायर जगभरच्या प्रिंट्स जमवत आणि दाखवत. एखादा शॉट कधी सुरू होतो, कधी संपतो आणि का, हा प्रश्न टेबलावर ठेवून त्याची चर्चा करायची सवय अशी लागली. १९६६ साली इथून बाहेर पडलेल्यांत मणि कौल आणि कुमार शहानी होते. कौल यांचा पहिला चित्रपट ‘उसकी रोटी’ (१९६९) फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून निघाला. कॅमेरामन के. के. महाजन, तेही याच संस्थेचे विद्यार्थी. मोहन राकेश यांच्या कथेत घटना म्हणाल तर एवढीच: पंजाबातल्या एका गावात बालो नावाची बाई बसड्रायव्हर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन थांब्यावर वाट बघते.

कौल आणि महाजन यांनी या वाट बघण्यासाठी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, २८ मिलिमीटरची आणि ७५ मिलिमीटरची. पहिली रुंद, तिच्यात शेत, रस्ता, झाड, बाई सगळं सारखंच स्पष्ट. दुसरी अरुंद, तिच्यात चेहरा किंवा हात तेवढा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. सुरुवातीला रुंद लेन्स बालोच्या प्रत्यक्ष दिवसाला आणि अरुंद लेन्स तिच्या मनातल्या दिवसाला दिलेली आहे. हा करार प्रेक्षकाला कोणी समजावून सांगत नाही. आणि तो अंगवळणी पडतो न पडतो तोच दिग्दर्शक तो मोडतो, लेन्सची अदलाबदल करतो. आता समोरचा प्रसंग घडतोय की तिला भीती वाटतेय म्हणून दिसतोय, हे सांगता येत नाही. यात वास्तव कुठे, असं कोणी विचारलं तर उत्तर हे की दिवसभर वाट बघणाऱ्या माणसाला तरी कुठे ते नेमकं सांगता येतं. घडलेलं आणि कल्पिलेलं यांच्यामध्ये बाकीचे चित्रपट धूसर डिझॉल्व्ह घालून, संगीत बदलून जी स्वच्छ रेघ ओढतात, ती रेघच खोटी आहे. शिवाय बालो कणीक मळते, भाकरी करते तेव्हा कॅमेरा त्या हातांना कामाचा पुरता वेळ देतो. बेल्जियमच्या शाँताल आकरमानचा ‘जान डिलमान’ हा २०१ मिनिटांचा चित्रपट, ज्यात स्थिर कॅमेऱ्यासमोर एक गृहिणी बटाटे सोलत राहते, १९७५ साली आला आणि २०२२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी तो जगातला सर्वोत्तम चित्रपट ठरवला. बालोच्या भाकरीला तोवर पाच-सहा वर्षं झाली होती. ‘उसकी रोटी’साठी महाजन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एवढं मात्र झालं.

पुढे मणि कौल आणखी एक पाऊल गेले. नंतरच्या काळात ते कॅमेरामनला व्ह्यूफाइंडरमधून न बघता चित्रण करायला सांगत. ऐकायला हा लहरीपणा वाटतो. पण त्यामागे तर्क आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की प्रशिक्षित हात नकळत चौकट सावरतो: डोक्यावर नेमकी जागा सोडतो, रेषा जुळवतो, महत्त्वाची वस्तू नजरेच्या टप्प्यात आणतो. ही सावरासावर म्हणजे आधीच केलेली निवड. डोळा काढून घेतला की चौकटीत काय येईल हे काही अंशी योगायोगावर जातं. हा प्रयोग दर वेळी फळतो असं मला वाटत नाही. कधी कधी तो प्रयोग म्हणूनच दिसतो आणि प्रेक्षक प्रसंगाऐवजी युक्तीकडे बघत बसतो. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. नीटनेटकी चौकट ही तटस्थ नसते, तीही एक प्रकारची शेरेबाजी असते.

या वाटेवर पहिली गंभीर हरकत बाहेरून आली नाही. ती सत्यजित राय यांनी घेतली. १९७४ सालच्या एका लेखात त्यांनी कौल यांच्या ‘दुविधा’ची आणि शहानींच्या ‘माया दर्पण’ची परखड झडती घेतली. त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा की या चित्रपटांत कॅमेऱ्याचा विचार आहे पण माणूस पातळ झाला आहे. पात्रं सपाट आवाजात बोलतात, त्यांच्या मनात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. राय स्वतः संथ लयीचे कसबी होते. ‘पथेर पांचाली’त पाणकिडे तळ्यावर फिरतात तेव्हा कथा तितकीच थांबलेली असते. पण त्यांच्या थांबण्याआधी आणि नंतर माणसाच्या सुखदुःखाचा धागा प्रेक्षकाच्या हाती पक्का असतो. ‘माया दर्पण’बद्दल मला राय यांचं बरंचसं पटतं: तिथे रंग आणि हवेलीच्या भिंती यांचा हिशोब इतका काटेकोर आहे की थांबलेल्या वेळेतही बघण्याची मोकळीक उरत नाही. तोच आक्षेप ‘उसकी रोटी’ला लावला तर मात्र पटत नाही. बालोच्या मनाचा पत्ता लागत नाही हे खरं. पण तिच्या नवऱ्यालाही तो लागलेला नाही, आणि चित्रपटाचा विषय नेमका तोच आहे. दुसरी हरकत सरकारी होती. १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनला असे न चालणारे चित्रपट काढल्याबद्दल धारेवर धरलं. सार्वजनिक पैशाचा हिशोब मागणं गैर नाही. मात्र तिकीटबारीचा निकाल हा कॅमेरा खोटं बोलतो की खरं, या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या इतिहासावरचा एक चित्रपट निघाला, जो माझ्या म्हणण्याची उलटी बाजू दाखवतो. ‘घाशीराम कोतवाल’. तेंडुलकरांचं नाटक, थिएटर अकादमीची मंडळी, मोहन आगाशे यांचा नाना, ओम पुरी यांचा घाशीराम. आणि दिग्दर्शन एका सहकारी गटाचं, ज्यात मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप होते. या चित्रपटाचा शेवट सुमारे दहा मिनिटांच्या एकाच शॉटने होतो. तेव्हाचं तंत्र लक्षात घ्या: ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं मोठं मॅगझिन १००० फुटांचं, आणि सेकंदाला २४ चौकटी या वेगाने ते अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे एवढा शॉट घ्यायचा तर जवळजवळ अख्खं मॅगझिन एका श्वासात लावावं लागतं, आणि नवव्या मिनिटाला कोणी चुकलं तर सगळी फिल्म वाया. कच्ची फिल्म आयात होणारी, महाग आणि मोजून मिळणारी होती त्या काळात हे केवढं धाडस! तरी तो शॉट वास्तववादी नाही, आणि असावा असं त्याच्या कर्त्यांनाही वाटलं नव्हतं. हंगेरीच्या मिक्लोश यांचोची आठवण व्हावी अशी ती समूहाची रचलेली हालचाल आहे. त्यात काम संपल्यावर उरलेली वेळ कुठेच नाही; प्रत्येक क्षणाला कोणीतरी कुठूनतरी येतं, काहीतरी सांगतं. लांब शॉट म्हणजे वास्तव असं समीकरण ज्याला मांडायचं असेल त्याने हा चित्रपट जरूर बघावा.

आता पुन्हा ‘कोर्ट’कडे येतो, कारण आजच्या मराठी चित्रपटात या तंत्राचा सर्वांत काटेकोर वापर तिथे आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका मॅनहोल सफाई कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी हा शाहीर उभा केला. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळा तिवईवर स्थिर, अंतर राखून, खोलीचा मोठा भाग दिसेल असा. आरोपीच्या चेहऱ्यावर झेप नाही, वकिलाच्या बोटाचा क्लोजअप नाही. न्यायालयाच्या प्रसंगात आपल्या खटल्याआधीचे आणि नंतरचे खटलेही चालू असतात, आणि कॅमेरा त्यांनाही तितक्याच गांभीर्याने ऐकतो. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, तो भाग कथेला काही पुढे नेत नाही. पण हे न्यायालय कशाने चालतं ते तिथे कळतं. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कामावरून लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. आपण तिला खलनायिका ठरवायच्या बेतात असतो आणि कॅमेरा तिच्या घरात नको तितका वेळ थांबतो. ती वाईट बाई नाही, थकलेली बाई आहे, एवढं कळल्यावर तिने न्यायालयात मागितलेली शिक्षा जास्त भयंकर वाटायला लागते. राग येतो तो आता व्यक्तीवर येत नाही, आणि तो कुठे ठेवावा हे चित्रपट सांगत नाही.

इथे एक सरळ हरकत येते: हे सगळं रचलेलंच तर आहे. ताम्हाणे यांनी एकेका शॉटचे डझनावारी टेक घेतल्याचं सांगितलं आहे. मग स्थिर कॅमेऱ्याचा भोळेपणा हे सोंग झालं. त्यापेक्षा खांद्यावर कॅमेरा घेऊन गर्दीत शिरणारा, हलणारा, मध्येच फोकस चुकणारा शॉट जास्त प्रामाणिक नाही का? हलता कॅमेरा प्रामाणिक वाटतो याचं कारण आपल्याला बातम्यांची आणि माहितीपटांची सवय आहे. तिथे कॅमेरामन खरोखरच घाईत असतो. कथापटात ती घाई मुद्दाम केलेली असते, म्हणजे तीही सोंगच. फरक इतकाच की ते सोंग ‘मी इथे होतो’ असं सतत ओरडून सांगतं. डझनावारी टेकचं म्हणाल, तर नट अभिनय करायचा थांबेपर्यंत वाट बघण्याचा तो एक मार्ग आहे. रचना असणं म्हणजे खोटं असणं असं असेल तर व्याकरण असलेली प्रत्येक साक्षही खोटी ठरेल. प्रश्न रचना आहे की नाही हा नाही. ती कोणाच्या सोयीसाठी आहे, हा आहे.

जास्त बोचणारी हरकत राजकीय आहे. इतकं अंतर राखून, इतक्या शांतपणे अन्याय बघायचा म्हणजे सुखवस्तू माणसाची चैन नाही का? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा (२०१३) शेवट आठवा: जब्या या मुलाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. तिथे प्रेक्षकाला बघत बसण्याची मुभा नाही, तोच निशाण्यावर आहे. हा शॉट ‘कोर्ट’मधल्या कोणत्याही शॉटपेक्षा कमी खरा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याची ताकद कुठून येते ते बघितलं तर दोन्ही चित्रपटांमधलं अंतर वाटतं तेवढं नाही. दगडाआधी गावाने डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाची मजा बघितली आहे, आणि ती धावपळ मंजुळे लवकर संपवत नाहीत. ती हवी त्यापेक्षा लांबते, आपणही त्या बघ्यांत सामील होतो, आणि मग दगड येतो. थांबलेल्या वेळेची किंमत तिथे वसूल केली जाते.

ताम्हाणे यांच्याच ‘द डिसाइपल’ने (२०२०) आणखी एक गैरसमज दूर होतो. संथ लय आणि स्लो मोशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लो मोशनमध्ये कॅमेरा सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चौकटी टिपतो आणि त्या नेहमीच्या वेगाने दाखवल्या की काळ ताणला जातो. हा वास्तवाशी उघड द्रोह आहे. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री रिकाम्या मुंबईतून मोटरसायकल चालवतो तेव्हा तो प्रसंग असा ताणलेला असतो, आणि कानावर माई या गायिकेचं जुनं ध्वनिमुद्रित व्याख्यान येतं. (हा आवाज पुण्याच्या सुमित्रा भावे यांचा आहे.) मैफलींचे प्रसंग मात्र खऱ्या वेळेत घडतात, सूर लागत नाही तर तो न लागणंही पूर्ण ऐकावं लागतं. स्लो मोशनमध्ये शरद जसा असावा असं त्याला वाटतं तसा असतो, मैफलीत तो जसा आहे तसा. मिखाव सोबोचिन्स्की या पोलिश कॅमेरामनने हा भेद कुठेही अधोरेखित न करता सांभाळला आहे.

राहिली शेवटची हरकत, आणि ती मला सगळ्यांत जास्त मान्य आहे: संथपणा आता महोत्सवांचा साचा झाला आहे. डिजिटल कॅमेऱ्याने अकरा मिनिटांची मर्यादा उठवली, फिल्म वाया जाण्याची भीती संपली. ‘घाशीराम’च्या काळात लांब शॉट हा जोखमीचा पुरावा होता; आज तो फुकट पडतो, म्हणून त्याच्या लांबीला स्वतःचं असं मोल राहिलेलं नाही. पाठमोरा माणूस, धुकं, खिडकीबाहेर बघणारी बाई आणि दोन मिनिटांची शांतता एवढ्यावर चित्रपट ‘कलात्मक’ ठरवण्याची घाई प्रेक्षकाने करू नये. कसोटी अवघड नाही. थांबलेल्या वेळेत बघण्यासारखं काही आहे का, की फक्त थांबणं आहे? उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये (२००९, कॅमेरा सुधीर पलसाने) दोन मुलांपैकी नाच्या गेल्यावर सम्या त्याला शोधत राहतो; वाडा, विहीर आणि माळ यांच्याकडे कॅमेरा टक लावून बघतो तेव्हा आपणही कोपरे धुंडाळायला लागतो, कारण चित्रपटाने आपल्याला लपंडावाचा नियम आधीच शिकवलेला असतो. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये (२०२५, सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथापट विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा मराठी चित्रपट) वडील गेल्यानंतरचे दहा दिवस आहेत. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुधा स्थिर. सुतकातल्या घरात दिवसाला भराभर पुढे ढकलण्याची सोय नसतेच. माणसं बसून असतात, कोणी येतं, तेच ते विचारतं. लग्नाचा विषय निघतो आणि मुलगा आनंद गप्प राहतो, तेव्हा त्या न संपणाऱ्या बसण्यातूनच त्याची कोंडी कळते. या दोन्ही चित्रपटांची संथ लय विषयातून आली आहे.

हे तंत्र आणखी एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती दिग्दर्शकाच्या हातात नाही. रुंद, स्थिर चौकटीत डावीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय हे मोठ्या पडद्यावर दिसतं. मोबाइलवर ते धान्याच्या कणाएवढं होतं. दीडपट वेगाने चित्रपट बघायची सोय आता अनेक ॲपमध्ये असते, आणि माहितीपुरता बघणाऱ्याचं तिच्याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फक्त माहितीनंतरच्या वेळेचं. पुण्यातल्या संग्रहालयाच्या आणि महोत्सवाच्या खेळांना बसणारा प्रेक्षक त्यामुळे या चित्रपटांच्या तंत्राचाच एक भाग ठरतो: अंधारात, उठायची घाई न करता, पूर्ण वेगाने आणि पूर्ण आकारात.